मला ताप आला नव्हता

क्लबच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं, 'तापामुळे आपल्या खेळाडूला शर्यतीत उतरता आलं नाही.' ठाण्याच्या एका साप्ताहिकात दोन ओळी छापून आल्या, त्यातही ताप. सत्काराच्या भाषणात ताप. डोंबिवलीला आमच्या समोरच्या काकू गवती चहाची जुडी घेऊन आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "उतरला बाई एकदाचा." काय उतरलं, माझं डोकं?

मला ताप आला नव्हता. मला पाळी आली होती. एवढं चार शब्दांचं साधं वाक्य, पण ते बोलायला त्या वेळी एकाचीही जीभ रेटली नाही. म्हणून मी ते इथे पहिल्यांदाच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी गवती चहा घेऊन यायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. मी अकरावीत होते. डोंबिवलीला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. बाबा माजिवड्याच्या एका कारखान्यात आणि आई ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. मला पाण्यात घातलं बाबांनी, खडवलीला, नदीत. तिथे त्यांची आत्या राहायची. सुट्टीत गेलो की ते मला पाण्यात सोडायचे आणि स्वतः काठावरून "पाय मार, पाय मार" म्हणून ओरडायचे, कारण त्यांना स्वतःला धड पोहता येत नव्हतं. मी पाय मारले. पुढे कुणीतरी म्हणालं पोरीत दम आहे, म्हणून ठाण्याच्या क्लबात नाव घातलं.

तिथले सर बोलायचे कमी आणि शिट्टी फार वाजवायचे. माझं नदीतलं बेडकासारखं पोहणं त्यांनी कडेला उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "ही ब्रेस्ट मारेल." ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे तोच बेडकाचा प्रकार, फक्त शिस्तीत. दोनशे मीटर हे माझं अंतर ठरलं. कॉलेजच्या आधी सकाळी आणि कॉलेजनंतर संध्याकाळी मी तेवढंच करायचे. मला दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं.

क्लबात एक रीत होती. कपडे बदलायच्या खोल्यांसमोर सिमेंटचा कट्टा होता. जिला पाळी आली असेल तिने त्या दिवसांत पाण्यात उतरायचं नाही. बाहेरच्या कपड्यांत कट्ट्यावर बसायचं आणि बाकीच्यांच्या फेऱ्या मोजायच्या. कुणी कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. मुलगी कट्ट्यावर दिसली की सर आभाळाकडे बघायला लागायचे. मुलगे एकमेकांना कोपर मारायचे. आम्ही मुलीसुद्धा "माझा आज कट्टा" असं म्हणायचो. म्हणजे अख्ख्या क्लबला दिसेल अशा जागी बसवायचं आणि वर ती गोष्ट झाकून ठेवायची. इतका येडचाप प्रकार मी दुसरा बघितला नाही.

का बसायचं, असं विचारलं तर प्रत्येकीचं उत्तर निराळं. एक म्हणायची पाणी विटाळतं. दुसरी म्हणायची पाणी आत जातं आणि पुढे मुलं होत नाहीत. माझ्याबरोबर ठाण्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी पोहायची, माझी एकुलती एक मैत्रीण. ती कट्ट्यावर बसून शेंगा खायची आणि म्हणायची, "आमची आय सगले दिस खारीन उतरते. म्हावरा काय पंचांग बगून येतं काय गो?" खारी म्हणजे खाडी, म्हावरा म्हणजे मासळी. तिच्या आईला पाच मुलं होती, म्हणजे ती मुलं न होण्याची भानगडही निकालात निघत होती. पण हीच पोरगी क्लबात आली की गुपचूप कट्ट्यावर जाऊन बसायची. खाडीत चालतं आणि तलावात चालत नाही, हे कुणी ठरवलं देव जाणे.

घरी तर विचारूच नका. आई चार दिवस बाजूला बसायची. पण कशी? सकाळी नीट तयार होऊन एक्स्चेंजला जायची. तिथे दिवसभर कामं करायची, मैत्रिणींच्या डब्यातलं खायची, हिच्या डब्यातलं त्या खायच्या. संध्याकाळी उंबरा ओलांडला की हिला कावळा शिवलेला. दाराजवळ चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. बाबा भात लावायचे आणि तो हमखास करपायचा. मी एकदा विचारलं, "ऑफिसात चालतं मग घरात का नाही?" आई म्हणाली, "रजा घेतली तर पगार कापतात." तिला यात काही चमत्कारिक वाटलं नाही. मला वाटलं, पण मीही त्याच चटईवर बसायचे. दात-ओठ खात बसायचे, पण बसायचे.

मग राष्ट्रीय स्पर्धेत मी पहिली आले आणि माझी निवड झाली. परदेशात स्पर्धा होत्या, जगभरातल्या शाळा-कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींसाठी. पोहणं, धावणं, जिम्नॅस्टिक्स असं सगळं एका गावात, एकाच वेळी. बाबांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. आम्ही विमान फक्त डोक्यावरून जाताना बघितलेलं, आणि मी त्यात बसणार होते.

सरांना काही जायला मिळालं नाही. पथकात जागा नाही म्हणे. पण मुलींबरोबर कुणी बाईमाणूस हवं म्हणून आमच्या क्लबच्या समितीवरच्या बाई निघाल्या. ठाण्यातल्या एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. वरच्या संघटनेत त्यांचं वजन होतं. त्यांनी जन्मात कधी तलावात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या प्रेमळ होत्या. विमानतळावर त्यांनी माझ्या आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी ती माझी मुलगी." आईला भरून आलं.

त्याआधी आईने एक काम केलेलं. तिने बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, "तुझी नेमकी तिथेच येणार." मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. गौरी-गणपतीत पाळी पुढे जावी म्हणून बायका ज्या गोळ्या घेतात त्या आणायला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "पूजा आहे?" आई म्हणाली, "हो." मी शेजारीच उभी होते. पोहण्याची शर्यत आहे असं सांगायला तिला लाज वाटली. गोळ्या माझ्या पर्समध्ये आल्या आणि त्यांच्या भरवशावर बॅगेत कापूस काही ठेवला गेला नाही.

मी गोळ्या नियमाने घेतल्या. पण विमानात आणि नंतरच्या बसमध्ये माझ्या पोटात काही म्हणजे काही राहिलं नाही. त्याही बाहेर पडल्या.

तिथलं पाणी अजून डोळ्यांसमोर आहे. इतकं स्वच्छ की तळाची काळी रेघ हात घातला तर हाताला लागेल असं वाटायचं. ठाण्याच्या तलावात मला स्वतःचं कोपर दिसायचं नाही. सरावाला उतरले आणि अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. मी आयुष्यात कधी पोहले नव्हते तशी पोहले. शेजारच्या लेनमध्ये एक सोनेरी केसांची मुलगी असायची, तोंडभर ठिपके ठिपके. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. पण वेग सारखा होता. भिंतीशी दोघी जवळजवळ एकदम पोचायचो. कधी तिचा हात आधी लागायचा, कधी माझा. जिचा आधी लागायचा ती हसायची. आमची प्राथमिक फेरीही एकच होती.

मला पदक मिळणार नव्हतं, तेवढी अक्कल मला होती. मला फायनल हवी होती. फायनलला आठ जणी जातात, त्यातली एक मी होऊ शकत होते. सर निघताना एवढंच म्हणालेले, "फायनल काढ." तेवढ्यासाठी पहाटेच्या त्या सगळ्या गाड्या आणि ते सगळं थंड पाणी सोसलेलं होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी उठले आणि कळलं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. फक्त कापूस नव्हता. म्हणून बाईंच्या खोलीवर गेले आणि विचारलं, "बाई, थोडा कापूस आहे का?"

एवढंच बोलले. आजही वाटतं, एखादी चादर टराटरा फाडली असती तर बरं झालं असतं.

"अगंबाई, आजच?" बाई म्हणाल्या. त्यांनी कापूस दिला, गरम चहा दिला, मला स्वतःच्या पलंगावर बसवलं आणि पाठीवर हात फिरवला. "जरा पडून राहा हं, मी आलेच." मी म्हटलं, "बाई, बस सुटेल." त्या म्हणाल्या, "आपण मिळून जाऊ." मला वाटलं, बाई नाश्त्याला चालल्या.

तलावावर मी नेहमीसारखी कपडे बदलायला गेले. पोहण्याचा पोशाख हातात घेतला आणि अडले. पुढे काय करायचं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी पाण्यात उतरतच नाही, तर माहीत कसं असणार? ठिपकेवाली समोरच टोपी चढवत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी ओटीपोटावर हात ठेवला, दुसरं काय सांगणार? तिला लगेच समजलं. तिने बॅगेतून कापसाची बोटाएवढी कांडी काढली, खाली दोरा असलेली, आणि हातवारे करून कशी घ्यायची ते दाखवलं. मी लाजून मरायची बाकी राहिले. मग तिने स्वतःकडे बोट केलं आणि मान हलवली. तिलाही आलेली. हवेत दोन हात ब्रेस्टचे मारून दाखवले आणि खांदे उडवले, म्हणजे त्यात काय एवढं.

आत जाऊन मी घाबरले, रडले आणि जमवलं. बाहेर आले तेव्हा माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलेलं. इतकी वर्षं त्या कट्ट्यावर शेंगांची टरफलं मोजत बसलेले, आणि उपाय काय तर एक कापसाची कांडी.

शर्यतीच्या मुली जिथे रांगेने बसवतात तिथे गेले. एकेकीचं नाव घेऊन आत सोडत होते. ठिपकेवाली गेली. माझं नाव आलं नाही. मी टेबलावरच्या माणसाला गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्याने कागद बघितला, स्वतःच्या कपाळाला हात लावून दाखवला आणि म्हणाला, "फीवर."

तेवढ्यात बाई धावत आल्या आणि त्यांनी माझ्या अंगावर टॉवेल टाकला.

"अगं, तू कपडे काय बदललेस? तुझं नाव मी सकाळीच काढलंय. ताप आहे म्हणून सांगितलं."

"मला ताप नाहीये."

"मग काय सांगायचं होतं मी त्या पुरुषांना?"

"काहीच सांगायचं नव्हतं. मी पोहणार आहे. माझी सोय झालीय."

"कसली सोय?"

मी सांगितलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "लग्न व्हायचंय तुझं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "हे असलं कुणी शिकवलं तुला? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? विश्वासाने माझ्या पदरात घातलंय तिने तुला."

"बाई, त्या मुलीलापण पाळी आलीय. ती बघा, तिथे उभी आहे."

"त्यांच्यात चालत असेल. आपल्यात चालत नाही."

मी त्यांचा हात झटकला आणि परत टेबलाकडे गेले. माझं इंग्रजी अकरावीचं, तेही मराठी शाळेतून आलेलं. "नो फीवर, सर," मी म्हटलं. "नो फीवर. आय स्विम." तो माणूस चांगला होता, त्याने माझ्याकडे बघितलंही चांगलं. पण काढलेलं नाव परत घालता येत नाही, असं त्याने दोन्ही हात हलवून सांगितलं. मी तरी तिथेच उभी राहिले, 'नो फीवर' म्हणत. मग आमच्या पथकातल्या कुणीतरी मला खांद्याला धरून प्रेक्षकांत नेऊन बसवलं, बाईंच्या शेजारी.

शर्यतीच्या दिवशी नाव काढलं तर लेन रिकामी ठेवतात. माझी दुसरी लेन. आठ ठोकळे, सात मुली आणि दुसऱ्या ठोकळ्यावर कुणी नाही. ठिपकेवाली तिसऱ्यावर. तिने उडी मारायच्या आधी शेजारी बघितलं, मागे बघितलं, मला शोधलं. शिट्टी झाली. मग मी त्या दोनशे मीटरभर रिकामं पाणी बघत बसले. बाकी सगळीकडे फेस उडत होता आणि दुसऱ्या लेनमध्ये शेजारच्या लाटा येऊन आपल्या आपण विरत होत्या. माझे पाय बाकाखाली हलत होते. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तो हात मला चावावासा वाटत होता.

ठिपकेवाली फायनलला गेली. शेवटच्या जागेवर का होईना, गेली. मी तिच्याबरोबर सारखी भिंतीला पोचायचे, हे मी वर लिहिलंच आहे. बाई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या वेळी." पुढच्या वेळी माझं वय बसणार नव्हतं. हे बाईंना माहीत होतं, तरी म्हणाल्या. निघायच्या दिवशी ठिपकेवालीने कांड्यांचा अख्खा डबा माझ्या हातात कोंबला. दोघींना एकमेकींचं नावसुद्धा नीट उच्चारता येत नव्हतं.

घरी आल्या आल्या मी आईला सगळं सांगितलं, अगदी काडीकाडी. ती खाली बसली. मला वाटलं, आता ही चिडेल, बाईंच्या घरी जाऊन चार शब्द सुनावेल. तिने विचारलं, "गोळ्या उलटून पडल्या होय? त्या लगेच परत घ्यायच्या असतात गं." एवढंच. आणि मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि ताप. माझ्या तापाबद्दल बाईंनी माइकवरून हळहळ व्यक्त केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी नारळ हातात धरून उभी राहिले. तो कुणाच्या डोक्यात घालावा याचा मी खरंच विचार करत होते.

पुढच्या महिन्यात पाळी आली तशी मी क्लबात गेले, पोशाख घातला, डब्यातली कांडी वापरली आणि सरांसमोर जाऊन उभी राहिले. "सर, मला पाळी आलीय आणि मी पोहणार आहे." सरांनी आभाळाकडे बघितलं. मी म्हटलं, "वर नका बघू, माझ्याकडे बघा. माझी सोय आहे. पाण्यात काही होणार नाही." त्यांच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबायला लागली. मी उडी मारली.

पहिल्या दोन फेऱ्यांत काही झालं नाही. मग कट्ट्यावरची कुणीतरी कुणालातरी बोलली, आणि शेजारच्या लेनमधून मुली एकेक करून बाहेर पडल्या. एका मुलाची आई आली आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. शेवटी पाण्यात आम्ही दोघीच उरलो, मी आणि माझी कोळीवाड्यातली मैत्रीण. ती मस्तपैकी फ्रीस्टाइल मारत राहिली. "बरं झालं गो," ती म्हणाली, "सगला तलाव आपलाच."

दोन दिवसांत समितीचं बोलावणं आलं. मी, आई आणि बाबा. लांब टेबल, एका बाजूला समितीतले पुरुष, त्यांच्यात बाई. अध्यक्ष म्हणाले, "मुलीकडून गैरवर्तन घडलेलं आहे. तिने माफी मागावी, आपण विषय इथेच मिटवू."

"मी काय केलं?" मी विचारलं.

अध्यक्षांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने बाईंकडे बघितलं. "ते सगळ्यांना ठाऊक आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मला नाही ठाऊक. तुम्ही सांगा."

"नियमबाह्य वर्तन."

"कुठला नियम?"

"अलिखित," कुणीतरी टोकाकडून म्हणालं.

एवढे बाप्ये, सगळे बायकापोरांचे धनी, आणि एकाला तो शब्द घेता येईना. मी म्हटलं, "मला पाळी आली असताना मी पोहले, त्याची माफी मागायची का?" एक जण चहाचं काय झालं ते बघायला उठून गेला. बाई म्हणाल्या, "हळू बोल गं." बाबा घाम पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सबंध वेळात एकदाही नाही. माफी मी मागणार नाही म्हटलं, तेव्हा अध्यक्ष माझा नाद सोडून आईकडे वळले. मुलगी क्लबच्या शिस्तीत राहील, एवढं पालकांनी लिहून दिलं तरी पुरे, असं म्हणाले. कागद तयारच होता. मी आईचं मनगट धरलं. तिने ते हळूच सोडवलं आणि सही केली.

बाहेर रस्त्यावर मी तिला बोलायचं ते सगळं बोलले. तू चार दिवस त्या एक्स्चेंजमध्ये सगळ्यांत मिसळतेस, तिथे कुणी तुला चटई देतं का? तुझा पगार कापलेला चालत नाही आणि माझी शर्यत कापलेली चालते. बाबा म्हणाले, "रस्ता आहे हा." आई म्हणाली, "सही केली नसती तर तुला काढून टाकलं असतं. तुझं पोहणं राहावं म्हणून केली." मी म्हटलं, "मग आता तूच पोह."

मी परत गेले नाही. सर एकदा घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, दोन-तीन महिन्यांत सगळं थंड होईल. मी विचारलं, "महिनाभर रोज पाण्यात उतरू द्याल का, तेवढं सांगा." आमच्या घरात त्यांना बघायला आभाळ नव्हतं, त्यांनी पंख्याकडे बघितलं. तिथे माझं पोहणं संपलं. पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोनशे मीटर कुणीतरी दुसरी जिंकली. तिची वेळ मी पेपरात वाचली आणि पेपर बारीक बारीक फाडला, कारण मी त्याहून जोरात पोहत होते.

सात-आठ वर्षं गेली. मी बँकेत लागले, लग्न होऊन कल्याणला गेले. आईची पाळी गेली. नात्यातल्या बायका तिला म्हणाल्या, "सुटलीस बाई." गौरींचं सगळं तिच्याकडे आलं, ती खुशीत होती. एका रविवारी मी माहेरी गेलेले. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आपल्या डोंबिवलीत तलाव झालाय ना, तिथे दुपारी फक्त बायकांना सोडतात. मला शिकव की पोहायला. आता मला काही अडचण नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली मेथीची जुडी मी परातीत आपटली. "तुझी अडचण संपली म्हणून तू तलावात जाणार? आणि माझं काय केलंत तुम्ही सगळ्यांनी?" मी तोंडाला येईल ते बोलत सुटले, समितीपासून गवती चहापर्यंत. ती खरोखरच गोंधळलेली. "मी काय वाईट बोलले?" असं तिने दोनदा विचारलं, आणि बाबा चप्पल घालून खाली निघून गेले.

तरीही मी तिला घेऊन गेले. का, विचाराल तर ती पाण्यात घाबरलेली मला बघायची होती. पण ती घाबरली नाही. पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला गच्च बांधून पायऱ्या उतरली आणि मी पोटाखाली हात धरला तशी आडवी झाली. सांगितले तसे पाय मारले. दमल्यावर उथळ बाजूला उभी राहिली, केस तोंडावर चिकटलेले, पाणी छातीपर्यंत. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि बघत राहिली.

"यात विटाळण्यासारखं काय असतं गं?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"हे मला विचारतेस?" शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या इतक्या जोरात मी म्हटलं. "तिथे विचारायचं होतंस, त्या खोलीत, सही करायच्या आधी."

"तेव्हा मी कुठे कधी पाण्यात उतरलेले," आई म्हणाली, आणि परत आडवी व्हायला लागली. मी तिच्या पोटाखाली हात धरला.